हरिद्वारची टिक्की, फोंड्याचा तवा

गोव्यात, आमच्या फोंड्यात कुणाला ‘घरी पॅटिस केलेत’ म्हणून सांगावं, तर समोरचा आधी विचारतो, ‘ओव्हन कधी घेतलात?’ आमच्याकडे पॅटिस म्हणजे बेकरीतलं. मैद्याचे पापुद्रे, आत पिवळी भाजी नाहीतर अर्धं अंडं, आणि खाऊन झाल्यावर शर्टावर उरलेला चुरा. मुंबईकराचं पॅटिस रगड्यात बुडालेलं असतं. उपवासवाल्यांचं पॅटिस पोटात खोबरं आणि बेदाणे घेऊन येतं. आणि आमच्या शेजारची आंटी, मूळची दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची, बटाट्याच्या पारीत खिमा भरून जे तळते ते ‘पोटॅटो चॉप’. बटाटा तोच, चपटा आकार तोच, तरी नावावरून घरोघरी वेगळं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे आमच्या घरात ह्या प्रकाराला पहिल्यापासून टिक्कीच म्हणतात. त्याला कारण आई.

2003 साली आई-बाबा काशी-हरिद्वारला गेले. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून पुढे हरिद्वार. आईने घरून चिवडा, लाडू, लोणचं, अगदी मिठाची पुडीसुद्धा बांधून नेली होती. बाहेरचं खायचं नाही असा तिचा निश्चय होता. हर की पौडीवरची संध्याकाळची आरती झाली, थंडी वाजायला लागली, आणि मोती बाजारात एका भल्या मोठ्या तव्याशी तो निश्चय संपला. तव्याच्या कडेला टिक्क्यांची रांग, मध्ये तूप. बाबांनी विचारलं, ‘ह्यात काय आहे?’ तो म्हणाला, ‘आलू.’

आईने ऐकलं ‘अळू’. अळूवड्या तिला माहीत होत्या, अळूचं फदफदं माहीत होतं. अळूची टिक्की म्हणजे नवीनच, आणि पानंच आहेत, बाधायची नाहीत, म्हणून तिने द्रोण घेतला. पहिला घास घेतला आणि भर बाजारात मोठ्याने म्हणाली, ‘अगो, हो तर बटाटो!’ तव्यावरच्या माणसाला काही कळलं नाही. बाबांनी हिंदीत ‘बटाटा, बटाटा’ असं दोनदा समजावलं, तेही त्याला कळलं नाही. ही गोष्ट गेली वीस-बावीस वर्षं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेली आहे. काशीचं दर्शन, गंगेचं स्नान हे सगळं आई दोन वाक्यांत उरकते. टिक्कीला मात्र पंधरा मिनिटं लागतात.

(घरात आम्ही कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो आणि आरत्याही मराठीतच म्हणतो. लिहिताना आईची वाक्यं मराठीत आणली की त्यांतलं मीठ थोडं कमी होतं. तेवढं वाचणाऱ्याने वरून घालून घ्यावं.)

त्या माणसाला ‘बटाटा’ कळला नाही ह्यात त्याचा काही दोष नव्हता. हा शब्द आमच्या किनाऱ्याचा. कॅरिबियन बेटांवर रताळ्याला जे नाव होतं, ते स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी उचललं, मग अँडीजच्या डोंगरांतून आलेल्या ह्या दुसऱ्या कंदालाही तेच चिकटवलं, आणि पोर्तुगीज दर्यावर्दी ते इथे घेऊन उतरले. पाव, काजू, बटाटा ही सगळी एकाच जहाजातली मंडळी. उत्तरेकडे मात्र कंदाला संस्कृतातला ‘आलु’ आधीच होता, त्यांनी नवीन पाहुण्याला जुनंच नाव दिलं. म्हणजे टिक्की भले गंगेकाठची असेल, तिच्या पोटातला ऐवज आमच्या बंदरांवरून आला असायची बरीच शक्यता आहे. हे मी आईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आम्हांला का नाही सुचली?’

तर ही आई, वय शहात्तर. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर उजव्या बरगडीखाली कळ आली, सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले. साखर आणि वय बघता डॉक्टर म्हणाले, तूर्त सांभाळून राहू, तळलेलं आणि तुपाचं बंद. त्यामागचं गणितही त्यांनी समजावलं. पोटात स्निग्ध काही उतरलं की पित्त सोडायला पित्ताशय आकसतं, आणि आत खडा असेल तर तोच तोंडाशी अडकतो. जितकं तेल एकदम, तितकं जोराचं आकसणं. आईने मान डोलावली. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘टिक्की तळत नाहीत. भाजतात.’

माझ्या मागे हे काम लागलं ते तिथून.

पहिला प्रयोग कुणीही करेल तोच. नेहमीची टिक्की, तेल निम्मं. चार टिक्क्या तव्याला चिकटल्या, उलथन्याने खरवडताना त्यांची भाजी झाली, आणि ती वाचवायला मी कडेने तेल सोडत गेले. शेवटी नेहमीपेक्षा जास्तच तेल गेलं. आईने ती भाजी पोळीबरोबर खाल्ली. पोळी म्हणजे चपाती नव्हे, पदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्यात घोळवलेली, मधे पोकळ असणारी. खाऊन म्हणाली, ‘भाजी बरी आहे.’

दुसरा प्रयोग वहिनीच्या एअर फ्रायरवर. ती तो मोठ्या कौतुकाने घेऊन आली, कारण घेतल्यापासून तिच्याकडे तो पापड भाजायला वापरला जात होता. जुलै महिना, बाहेर मुसळधार, आणि सातव्या मिनिटाला लाईट गेली. ती आली दीड तासाने. पुढच्या रविवारी पुन्हा लावल्या. ह्या वेळी लाईट राहिली. वरून रंग आला, पण तो उन्हात ठेवलेल्या सांडग्याचा रंग, टिक्कीचा नव्हे. कवच कोरडं आणि चिवट, आतलं गरम पण मुकं. एअर फ्रायरवर माझा राग नाही. त्यात गरम हवा फिरते, ती पृष्ठभाग वाळवते. पण मसाल्याचा वास उठवून जिभेपर्यंत नेण्याचं काम थोडं तेलच करतं, हवा करत नाही. जिऱ्याचा, धन्याचा सुगंध तेलात विरघळतो. शून्य तेलाच्या टिक्कीत मसाला असतो, फक्त भेटत नाही.

तिसरा प्रयोग आप्पेपात्राचा. हा खरं म्हणजे चांगला झाला. प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब, गोळे फिरवत फिरवत खमंग झाले. आई म्हणाली, ‘बटाटेवडे बरे झालेत, पीठ लावायला विसरलीस.’ गोल वस्तूला ती टिक्की म्हणायला तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. टिक्कीची मजा तिच्या रुंद, सपाट, लालभडक तोंडात आहे. गोळ्याला तेवढा चेहरा नसतो.

मग आला बटाट्याचा घोटाळा. घाई होती म्हणून एकदा मी बटाटे सोलून, चिरून कुकरला लावले आणि मऊ झाल्यावर मिक्सरमधून काढले. ज्याने हे केलं असेल त्याला पुढचं सांगायला नको. भांड्यात पतंग चिकटवायची खळ तयार झाली. पात्याने पेशी फाटतात, आतला स्टार्च मोकळा सुटतो आणि त्याचा डिंक होतो. ती खळ मी मुकाट्याने थालीपिठाच्या पिठात लपवली.

त्याच सुमारास एकदा चांगल्या दिसणाऱ्या, गुळगुळीत बटाट्यांच्या टिक्क्या केल्या. तव्यावर भराभर तांबूस झाल्या. आईने घास घेतला आणि म्हणाली, ‘गोड लागतात गो.’ मी हरखले. कोंकणीत चविष्ट पदार्थाला गोडच म्हणतात, मासळीची आमटीसुद्धा गोड होते. मी आणखी दोन वाढल्या. तेव्हा कळलं की बाई खरोखरच गोड म्हणत होती, साखरेसारखं गोड. शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि आतून गरम व्हायच्या आत बाहेरून काळवंडतो. आमच्याकडे बटाटा बहुतेक घाटावरून येतो, बेळगावहून. विकणारी बाई सांगेल तेवढीच त्याची जन्मपत्रिका. आता मी एक बटाटा कापून बघते, आणि गोडीचा संशय आला तर ते आठवडाभर टोपलीत, स्वयंपाकघरातल्याच उबेला ठेवते. गोडी बरीच उतरते. फ्रिजमध्ये कच्चा बटाटा ठेवणं बंद केलं. हिरवी झाक आलेला तर सरळ टाकते, त्यात काटकसर करायची नसते.

शेवटी मार्ग दाखवला शेजारच्या आंटीने. तिचे चॉप कधी फुटत नाहीत. कुंपणाशी उभी राहून मी विचारलं, ‘आंटी, चिकटत कसे नाहीत?’ ती म्हणाली, ‘बटाटे आदल्या दिवशी उकडते. सालासकट. आणि गरम असताना कधी झाकत नाही.’ एवढंच. पण ह्या तीन वाक्यांत जे होतं ते माझ्या डोक्यात चार महिने शिरलं नव्हतं. मी तेलाशी भांडत होते आणि सगळा घोळ पाण्याचा होता.

कच्च्या बटाट्यात पाचातले चार भाग पाणीच असतं. सोलून चिरून उकडला की तो आणखी पितो. ओला गोळा तव्यावर टाकला की आधी ते पाणी वाफ होऊन जायला हवं, तोवर रंग येत नाही आणि बुड तव्याला धरून बसतं. मग आपण तेल सोडतो. म्हणजे टिक्की तेल मागत नाही, तिचा ओलेपणा मागतो. तळणीतही असंच. पाणी निघून गेलेल्या जागा आणि भेगा तेलाने भरतात, आणि कढईतून बाहेर काढल्यावर गार होताना वरचं तेल आणखी आत ओढलं जातं. सालासकट, थंड पाण्यापासून सुरुवात करून, मंद उकडलेला बटाटा बाहेरचं पाणी फारसं पीत नाही. पाणी काढून तो उघडा ठेवला की वाफेबरोबर आणखी कोरडा होतो. आणि रात्रभर गार झाला की शिजताना फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. सकाळी तोच बटाटा किसणीवर असा पडतो, जणू ओल्या खोबऱ्याचा कीस. हाताला चिकटत नाही. मग बांधायला मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको. कोरडे भाजून भरड वाटलेले जाड पोहे दोन मोठे चमचे पुरतात, उरलीसुरली ओल ते पिऊन टाकतात.

कांदा मी आत घालणं सोडलं. कच्चा कांदा मिठाबरोबर पाणी सोडतो आणि टिक्की फाटते. मीठसुद्धा अगदी थापायच्या आधी. ओली कोथिंबीर धुवून लगेच चिरली तर तीही दगा देते. पंच्यावर पसरून, वाळवून घ्यावी. पावसात आमच्याकडे काहीच वाळत नाही, पंचासुद्धा नाही, हा भाग वेगळा.

आतला मसाला मात्र मी उत्तरेचाच ठेवला. भाजलेलं जिरं, धने ठेचून, आमचूर, काळं मीठ, आलं, हिरवी मिरची. तिथे आमसूल किंवा तिरफळ घुसवायचा मोह झाला होता. तिरफळ एकदा घातलंही. आई म्हणाली, ‘बांगडे कुठे आहेत?’ तिरफळाचा वास आला की आमच्या मेंदूत बांगडाच येतो, त्याला इलाज नाही. सारणात चण्याच्या डाळीऐवजी आळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळीसारखी कडधान्यं, रात्री भिजवलेले, मऊ उकडून हलके ठेचलेले. त्याने बटाटा कमी लागतो आणि पोटाला टिकतं.

आता तवा. ह्या बाबतीत मला खरं म्हणजे माझी लाज वाटली पाहिजे. श्रावण सोमवारी, चतुर्थीला, जेव्हा जेव्हा घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं तेव्हा आमच्याकडे फोडी होतात. बटाट्याच्या, सुरणाच्या, नीरफणसाच्या. पातळ काप, त्यांना हळद-तिखट-मीठ-हिंग, मग कोरड्या रव्यात दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि बिडाच्या तव्यावर कडेने थोडं तेल सोडून मंद आचेवर ठेवायचं. मासळीलाही हाच रवा. आजी हे करायची, आई करते, मी शंभर वेळा केलंय. आणि टिक्कीच्या वेळी मला हे आठवू नये! परका पदार्थ करताना आपण आपले हात बाहेर काढून ठेवतो की काय कोण जाणे. वहिनीचं यंत्र आणलं, इंटरनेट पालथं घातलं, आणि रव्याचा डबा डोळ्यांसमोर फळीवर.

रव्याचं काम साधं आहे. कोरडे कण वरची ओल टिपतात, टिक्की आणि तवा ह्यांच्यामध्ये थर होतो, आणि थोड्या तेलातही कणाकणाला कुरकुरीत तोंड फुटतं. पावसाळ्यात रवा आधी कोरडा भाजून घ्यावा, सर्दलेला असेल तर उलटाच चिकटतो. कधी रव्याऐवजी उरलेल्या शिळ्या पोळीचा चुरा घेते. तिच्यावरच्या कोंड्याने खमंगपणा वेगळाच येतो, पण तो लवकर करपतो, नजर ठेवावी लागते. टिक्की अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. तवा आधी नीट तापलेला हवा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचून उडाला पाहिजे. मग आच मध्यम. आणि मग, हे सगळ्यांत अवघड, हात लावायचा नाही. पाच मिनिटं. मला वाटायचं, करपेल, बघू जरा. उचलून बघितली की तुटते. बिडाचा तवा आणि टिक्की ह्यांचं आपापसांत जमलं की ती स्वतः सुटते, उलथनं नुसतं खाली सरकवायचं. झाकण तर अजिबात नको, आतली वाफ परत खाली पडते आणि सगळे कष्ट ओले होतात.

हिशोब सांगायचा तर अर्धा किलो बटाट्यांच्या आठ टिक्क्या होतात आणि त्यांना चहाच्या चमच्याने चार चमचे तेल पुरतं. एका टिक्कीला अर्धा चमचा, म्हणजे तेलाच्या वीसेक कॅलरी. बटाटा, आळसांदे, पोहे, रवा सगळं धरून शंभर-एकशेदहाच्या आसपास. पूर्वी मी घाण्याला नुसते अंदाजाने जे पळीभर सोडायचे त्याचा हिशोब करायला आता मन धजत नाही.

बरोबर काय द्यायचं ह्यावर मात्र आमचं वाजलं. मी उत्साहाने पांढऱ्या वाटाण्याचं तोणाक केलं, भाजलेल्या खोबऱ्याचं, चांगलं दाट. टिक्कीवर ओतलं आणि घरभर वास सुटला. आईने ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तेल काढलंस आणि नारळ घातलास. डॉक्टरला कुठलं सांगू?’ बरोबर होतं. खोबऱ्यातलं तेल दिसत नाही म्हणून ते तेल नसतं असं नाही. मग तोणाक बाजूला ठेवून नुसते उकडलेले वाटाणे, वर सायीशिवायचं दही, आणि चटणी. उत्तरेकडे सोंठ घालून चिंचगुळाची करतात. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला माडाचा गूळ घेते, तो काळा, मनोऱ्यासारखा ढेपेचा, आणि त्यात आमसुलं भिजवून, सुंठ आणि भाजलेलं जिरं घालून आटवते. माडाच्या गुळाला एक धुरकट खारटपणा असतो. ती चटणी आणि टिक्कीतलं काळं मीठ एकमेकांना ओळखतात. ह्या एका बाबतीत मला माझं कौतुक आहे, दुसऱ्या कुणी अजून केलेलं नाही.

परवा पुन्हा केल्या. संध्याकाळी पदेराच्या सायकलीचा भोंपू वाजला, आई उंडे, म्हणजे गोल पाव घ्यायला फाटकाशी गेली आणि येताना आंटीलाच घेऊन आली. दोघी ओसरीवर बसल्या. मी एकेक तव्यावरून काढून देत होते. आंटीने बोटाने वरचा रवा टोकरून बघितला, मग खाल्ली, आणि म्हणाली की आत खिमा असता तर. आईने दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी मोडून ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. हरिद्वारची तुलना येणार म्हणून मी आतून तयारीत होते.

‘पुढच्या वेळी नीरफणसाची करून बघ,’ ती म्हणाली. ‘झाडाला लागलेत.’

‘मग ती आलू टिक्की कशी होईल?’

‘हरिद्वारात तरी मी अळू म्हणूनच घेतली होती,’ आई म्हणाली, आणि ती अर्धी उचलली.